डोळ्यावरचं कातडं

घड्याळजीच्या उजव्या डोळ्यात, बुबुळाला अगदी खेटून, तांदळाच्या कणीएवढा गुलाबी फुगवटा आला होता. आठ महिने विचारेल त्याला तो एकच सांगत होता, "काही नाही, मांस वाढलंय." लोकांच्या घड्याळातला केसाएवढा कचरा शोधून काढणारा हा पठ्ठ्या स्वतःच्या डोळ्याकडे मात्र ढुंकून बघत नव्हता. "डोळ्यावर कातडं ओढून बसलेत," असं बायको येईल-जाईल त्याला ऐकवायची. शेवटी तिनेच दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टर म्हणाले, साधी वाढ असेल, नाहीतर कॅन्सरची सुरुवात. तुकडा कापून तपासता येईल, पण इतक्या जवळ सुरी लागली तर नजर पहिल्यासारखी राहीलच असं नाही. तीस वर्षं याच डोळ्याला भिंग लावून घर चाललं होतं.

"त्याआधी त्वचा विभागात दाखवून या," डॉक्टरांनी चिठ्ठी दिली.

"डोळ्याला कातडीचा डॉक्टर कशाला?" तो बाहेर येऊन कुरकुरला.

"ओढलेलं कातडं काढायला," बायको म्हणाली आणि जिना चढू लागली.

त्वचा विभागातली डॉक्टरीण त्यांच्या मुलीच्या वयाची होती. "हे यंत्र आम्ही तिळांसाठी वापरतो, काका. न कापता आतल्या पेशी थराथराने दिसतात. डोळ्यावरही चालतं. फक्त हलायचं नाही."

डोळा बधिर करणारे थेंब पडले, यंत्राचं जेल लावलेलं टोक डोळ्याला टेकलं आणि घड्याळजी थरथरला. पडद्यावर नुसता धुरळा उठला. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदाही तेच. बायकोने न विचारता त्याच्या खिशातला घड्याळं दुरुस्त करायचा चिमटा काढून त्याच्या बोटांत दिला. बोटांनी चिमटा धरला, श्वास आपोआप रोखला गेला आणि डोळा जागच्या जागी थांबला. डॉक्टरणीने एका दमात चाळीस फोटो काढले.

मग तिने एकेक फोटो पडद्यावर मोठा करून तपासला. "सुरुवात आहे, काका. पण सगळं वरच्या थरात आहे, खाली काही उतरलेलं नाही. मी डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलते. बहुतेक औषधाच्या थेंबांवर भागेल. दर महिन्याला इथे फोटो काढू."

घड्याळजीला रडूच आलं. डॉक्टरणीने कापूस पुढे केला. "आणि या डाव्या डोळ्याभोवती गोल वळ कसला?"

"भिंगाचा," बायको सवयीने म्हणाली आणि थबकली. भिंग तर उजव्या डोळ्याला लागायचं.

घड्याळजी चिमट्याशी चाळा करत राहिला. "रोज सकाळी, तू चहा ठेवलास की आरशापुढे उभा राहायचो. भिंग डाव्या डोळ्याला लावून उजवा बघायचो. वाढतंय का ते."

"रोज? मग मी इतकी बोलत होते, तेव्हा?"

"तू बेफिकीर म्हणायचीस, ते बरं वाटायचं. घाबरलोय हे तुला कळू नये, एवढंच होतं."

जिना उतरताना बायकोने हात पुढे केला.

"भिंग इकडे द्या. थेंब मी घालणार. वाढतंय का कमी होतंय, तेही उद्यापासून मीच बघणार."

त्याने खिशातून भिंग काढून तिच्या तळहातावर ठेवलं.