बाबांची बटणं

संध्याकाळी ताई कामावरून आली तेव्हा बाबा डाव्या हाताने टेबल बडवत होते आणि धाकटा भाऊ लॅपटॉपसमोर घामाघूम झाला होता. अर्धांगवायूने बाबांची उजवी बाजू लुळी पडली होती, वाचाही गेली होती. ताई पडली प्रोग्रॅमर, तिने त्यांच्यासाठी बोलका प्रोग्रॅमच लिहिला. स्क्रीनवर मोठाली बटणं. बाबांनी बोट टेकवलं की ताईच्या आवाजात शब्द यायचा. आज स्क्रीन नुसती राखाडी होती.

"काय केलंस?"

"काही नाही गं. सकाळपासून अपडेट करा, अपडेट करा म्हणून डोकं खात होतं. म्हटलं, टाकू करून."

"कशाचं अपडेट?"

ताईचा प्रोग्रॅम ज्याच्या जोरावर चालायचा, त्या प्लॅटफॉर्मचं त्याने नाव घेतलं आणि ताईचं टाळकंच सटकलं.

"अरे शहाण्या, प्रोग्रॅम चालतो त्या प्लॅटफॉर्मवर, पण ही बटणं स्क्रीनवर आणतं ते टूलकिट वेगळं! ते जुनं आहे, त्याला जुनाच प्लॅटफॉर्म लागतो. हात लावू नकोस म्हणून चिठ्ठी चिकटवली होती ना? डोळे फुटले होते?"

"मला वाटलं, नवीन म्हणजे चांगलंच असणार."

"तुझं वाटणं घाल चुलीत!"

"आणि हे दिवसभर असेच चिडलेत," धाकटा कुरकुरला. "मांडीवर काय मारतात, टेबल काय बडवतात. मी आपला म्हणतोय, होतंय हो बाबा, थांबा जरा."

ताईने दातओठ खात नवा प्लॅटफॉर्म उपटून काढला, जुना बसवला. टूलकिटवाल्यांच्या नावानेही चार शिव्या हासडल्या. बटणं आली तशी बाबांनी झडपच घातली.

"पाय." "दुखतंय." "पट्टा." "सकाळी."

ताईने पायजमा वर सारला. लुळ्या पायाच्या आधारपट्टीचा पट्टा धाकट्याने सकाळी करकचून आवळला होता. तो कातडीत रुतला होता, खाली पाऊल सुजून निळं पडलं होतं. तिने पट्टा सोडला.

बाबांचं बोट खालच्या लाल बटणावर गेलं. आजारापूर्वी ऊठसूट त्यांच्या तोंडात असायचा तो शब्द, म्हणून ताईने गमतीने घातला होता.

"गाढवा!" लॅपटॉप ताईच्या आवाजात ओरडला. "गाढवा! गाढवा!"

धाकटा खाली बसून पाऊल चोळू लागला. बाबांना दुखरा पाय त्याच्या हातातून काढून घेता येत नव्हता, म्हणून ते बटण दाबत राहिले.