खाऱ्या पाण्यातलं गवत

कल्याणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या संचिताला बाळकुमच्या मागे, पडीक मिठागराच्या एका खणात, पाण्याखाली डोलणारं गवत सापडलं. पाती केसासारखी बारीक. ठाण्याच्या खाडीकाठी ते कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. खात्री करून घ्यायला तिने विभागातल्या प्रफुल्लला तिथे नेलं आणि इतक्यात कुठे बोलू नका म्हणून बजावलं.

पुढच्या खेपेला ती एकटीच गेली, तर कडेचं गवत गायब. ढोरांनी खाल्लेलं नव्हतं. कुणीतरी मुळांसकट, चिखलासह अलगद उचललेलं. बांधावर मोजणीच्या लाल रंगाच्या नव्या खुंट्याही ठोकलेल्या होत्या.

जागा दोघांनाच माहीत होती. प्रफुल्ल आपल्या नावाने शोध छापणार आणि शिवाय जागेबद्दल कुणाकडे तरी बोलूनही बसलाय, असं तिने मनाशी धरलं. स्टाफरूममध्ये तो नेहमीसारखा हसला, तेही तिला बनावट वाटलं. तिने गवताचा विषय काढताच तो तास आहे म्हणून उठला. त्या वेळी त्याचा तास नसतो, हे तिला ठाऊक होतं.

रविवारी न कळवता ती शहाडला त्याच्या घरी गेली. गॅलरीत ओल्या गोणपाटाखाली टब झाकून ठेवलेले दिसले. तिने गोणपाट उचललं. आत तेच गवत.

"चोरलंत तुम्ही," ती म्हणाली.

"हलवलं. खुंट्या तुमच्याआधी मी पाहिल्या, मॅडम. भराव घालणार आहेत तिथे. आणि बाजूचे फ्लॅट तुमचे मिस्टर विकतात. मग तुम्हाला कुठल्या भरवशावर सांगायचं?"

तिचा नवरा राकेश बिल्डरकडे विक्रीचं काम बघायचा, हे खरंच होतं. पण घरी आपण अवाक्षर काढलं नाही, असं तिने सांगितलं. प्रफुल्लला ते पटलेलं दिसलं नाही. तिने टबातलं पाणी बोटावर घेऊन चाखलं. खाडीचंच होतं. पाती हिरवीगार होती. छापायचंच असतं, तर एवढं पाणी वाहून आणायची त्याला काय गरज होती?

दोघांनी मिळून वनखात्याकडे अर्ज दिला. पण पाहणीला माणसं येईपर्यंत अर्धा खण डेब्रिजखाली गेलेला होता. काम थांबवलं गेलं. गढूळ पाण्यात उरलेलं गवत मात्र कुजलं. जगलं ते टबातलं. संचिताने प्रफुल्लची माफी मागितली. आपणही तिच्याबद्दल वाईटच धरून चाललो होतो, असं तो खाली बघत म्हणाला.

घरी तिने राकेशला सरळ विचारलं. भरावाचं आधीच ठरलं होतं, तो म्हणाला. मग पुढे म्हणाला, "तुझ्या फोनमधले त्या गवताचे फोटो बघितलेले मी. पण मला त्यातलं काय कळतंय?"

तिने पुढे विचारलं नाही. त्याचं म्हणणं खरं असेलही.

परवानगी काढून तिने आणि प्रफुल्लने टबातलं गवत खाडीच्या वरच्या अंगाला एका जुन्या खणात लावलं. ते रुजलं; हिवाळा सरता सरता पाण्याखाली इवलाली फुलंही आली. प्रफुल्लने हाक मारून तिला दाखवली, तेव्हा दोघं बराच वेळ गुडघाभर चिखलात उभी राहिली.

त्या आठवड्यात जेवताना राकेशने सहज विचारलं, "नवीन जागा कुठली गं?"

"लांब आहे," संचिता म्हणाली आणि त्याच्या पानात भात वाढला.