नवरदेवापुढे चालायचं काम

लढाईच्या दिवसांबद्दल भिंगरीला कुणी विचारलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, आता ही तोफांचं सांगणार. तोफा तिने दुरूनच ऐकल्या. मांडणीवरची भांडी जराशी थरथरायची, तेवढंच. तिच्या लहानपणची लढाई म्हणजे एक खेचर.

त्याला घरात नवरदेव म्हणत, कारण स्वारी मनधरणीशिवाय जागची हलत नसे. वडिलांनी त्याला लहानपणापासून पुढे चालून शिकवलेलं. कुणी त्याच्याकडे पाठ करून चालू लागलं, की हा नांगरासकट मुकाट मागे. पुढे कुणी नसलं, की आभाळ कोसळलं तरी ढिम्म. शेजारी हसायचे, "एका नांगराला दोन माणसं! नवाबच आहे तुमचा!"

"हसा लेको," वडील म्हणायचे, "पण त्याच्या अंगावर एक वळ दाखवा."

वडील लढाईवर गेले तेव्हा नांगर आईने धरला आणि पुढे चालायचं काम भिंगरीकडे आलं. ही पोर एका जागी टिकायची नाही, म्हणून तर भिंगरी. तिला हे काम म्हणजे चैनच. मानेवर त्याचा ऊन श्वास यायचा आणि तिला वाटायचं, अख्खं शेत आपणच ओढतोय.

मग बातमी आली, लष्कराची माणसं घरोघर जनावरं नेताहेत. ओझं ओढेल ते न्यायचं, अडेल ते सोडून द्यायचं, असा त्यांचा हिशेब. इकडे अर्धं रान नांगरायचं बाकी. खेचर गेलं तर पेरणी गेली, आणि मग हिवाळ्यात काय खायचं, हे आईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

फाटकाशी बूट वाजले तशी तिने भिंगरीचे दोन्ही खांदे धरले. "ऐक. ते त्याला मागून हाकतील. तो हलायचा नाही. तू फक्त त्याच्याकडे पाठ करून चालू लागायचं नाहीस. काही झालं तरी नाही. कळलं?"

"आणि रडू आलं तर?"

"उभ्या उभ्या रड."

एक साहेब होता आणि एक थोराड शिपाई. "काम करतं का हे?" साहेबाने विचारलं.

"खायचं काम करतं की, अगदी मन लावून," आई म्हणाली. खोटं बोलताना आईचा चेहरा इतका सरळ राहतो, हे भिंगरीला त्या दिवशीच कळलं.

शिपायाने नवरदेवाला अंगणातल्या ओंडक्याला जुंपलं आणि मागून हाळी दिली. ढिम्म. दोर झटकला. ढिम्म. भिंगरीला हसूसुद्धा आलं. मग साहेब म्हणाला, "माजलंय. उतरव माज." शिपायाने चाबूक काढला.

पहिल्या फटक्याला नवरदेवाने मान वळवून मागे पाहिलं. मारणं म्हणजे काय, हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं. मग तो भिंगरीकडे बघू लागला आणि तिथेच नजर लावून राहिला. ही चालेल आणि हे थांबेल, एवढीच त्याची समजूत. भिंगरीला घरात पळून जायचं होतं, पांघरुणात तोंड खुपसायचं होतं. पण घर तिच्या मागे होतं. पळायचं म्हणजे त्याच्याकडे पाठ करायची. तो मागोमाग येणार आणि सगळंच संपणार. तिने फ्रॉक मुठीत धरला आणि उभी राहिली. चाबूक चालूच होता. त्याचे पुढचे गुडघे वाकले, तरी पोर हलली नाही.

हलली ती आई.

"पुरे," असं म्हणून ती सरळ खेचरापुढे आली, पाठ फिरवली आणि फाटकाकडे चालू लागली. नवरदेव धडपडत उठला आणि ओंडक्यासकट तिच्या मागे निघाला.

फाटकाशी तिने स्वतःच त्याला ओंडक्यापासून सोडवलं. "याच्यापुढे माणूस चालवा," ती शिपायाला म्हणाली. "म्हणाल तिथे येईल. मारू नका." साहेब काहीतरी पुटपुटला. शिपायाने चाबूक कमरेला खोचला आणि पुढे होऊन चालू लागला.

भिंगरी आईच्या अंगावर धावून गेली. "मी हलले नव्हते! तूच सांगितलंस आणि तूच हललीस! बाबांना काय सांगायचं आता?"

"त्यांचाच विचार आला गं मनात." आई फाटक लावत म्हणाली. "तेही असेच कुणाच्या तरी हुकमात असतील. त्यांना कुणी मारत असेल, तर शेजारी उभं असेल त्याने नुसतं बघत राहावं का?"

भिंगरीने एकदा रस्त्याकडे बघितलं आणि आईच्या मागून कुदळ घेऊन रानात गेली.

त्या वर्षी अर्धं रान पडीक राहिलं. हिवाळ्यात भिंगरी भुकेने कुरकुरायची, आदळआपट करायची, आईशी नाही नाही ते भांडायची. पण नवरदेवाचं नाव मात्र तिने त्या भांडणात एकदाही काढलं नाही.