पिवळा दिवा

नेलिदाबाईंचा धंदा यंत्रांची पुस्तकं इंग्रजीतून स्पॅनिशात आणायचा. पंप, करवती, मासे सोलायची यंत्रं. चिलीतल्या ताल्काउआनो बंदरात उभा जन्म काढलेल्या या बाईंनी एकही यंत्र कधी चालवलं नव्हतं, पण एखादा शब्द खटकला की तो सोडवल्याशिवाय पाणी पीत नसत. इंग्रजांचं काय जातं म्हणा! एका शब्दात चार अर्थ कोंबतात आणि मोकळे होतात, निस्तरायचं आपण.

त्या दिवशी बर्फ फोडायच्या यंत्राच्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली होती. त्यातल्या आधीच भाषांतर झालेल्या जुन्या ओळी पडद्यावर करड्या रंगात, कुलूपबंद. त्यांना हात लावायचा नाही असा काम देणाऱ्या एजन्सीचा दंडक. अशाच एका ओळीत बाई अडकल्या. इंग्रजीत होतं, पिवळा दिवा लागला की यंत्र 'आयडल'. म्हणजे बंद, की न्यूट्रलवरच्या गाडीसारखं मोकळं फिरतंय? पूर्वी कुणीतरी बिनदिक्कत 'थांबलेलं' लिहून टाकलं होतं. पुढच्याच पानावरच्या आकृतीत मात्र पिवळ्या दिव्याला मोटर चालू दाखवलेली. बर्फाखाली पातं फिरतंय आणि पुस्तक म्हणतंय, खुशाल हात घाला.

बाईंनी लगेच स्पेनमध्ये एजन्सीच्या नुरियाला कळवलं. नुरिया गोड मुलगी, पण गोडी काय चाटायचीय? "नेलिदा, करड्या ओळी आपल्या नाहीत. कंपनीला विचारलं मी. म्हणतात, इतक्या वर्षांत कुणाची तक्रार नाही. संध्याकाळपर्यंत फाइल द्या हं."

बाईंनी दिली. दिली नसती तर दुसऱ्या कुणी दिली असती, ओळ तशीच राहिली असती.

संध्याकाळी धाकटी बहीण ओरियाना चहाला आली. मासळीच्या कारखान्यात कामाला होती ती. पावावर अवोकाडो चोपडत सहज बोलून गेली, "आमच्याकडे बर्फाचं नवं यंत्र आलंय. पिवळा दिवा लागला की अडकलेला बर्फ हाताने काढायचा. मुकादमानं पुस्तकातलं पान भिंतीवर लावलंय."

नेलिदाबाईंनी कंपनीचं नाव विचारलं. तेच निघालं. पान आधीच्या आवृत्तीतलं, पण ओळ तीच.

"हात घालायचा नाही हं. आत पातं फिरतंय. काठीनं काढ."

"काठी बंद केलीय, ताई. मागे लाकडाची ढलपी माशांत गेली, अख्खा माल परत आला."

"मग आधी लाल बटण दाब."

"आणि परत चालू करायची किल्ली मुकादमाकडे. लाइन थांबली की नाव माझं. माझ्या शेजारी काम करायची ती मार्गा, तिनं दोनदा थांबवली, आता बसलीय घरी."

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः कारखान्यात गेल्या. मुकादम गाल्वारिनो माणूस वाईट नव्हता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पुस्तक चुकलंय म्हणता. तुम्हाला कसं कळलं?"

"मीच भाषांतर करते त्याचं."

"अहो, मग बरोबर लिहायचं होतं ना."

करड्या ओळी, कुलूप, नुरिया, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगणार? "झाकण उघडून बघा तरी," त्या कशाबशा म्हणाल्या.

"कंपनीचं सील आहे, बाई. तोडलं तर वॉरंटी गेली."

तरी बिचाऱ्याने सान्तियागोला कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्या गृहस्थाने पुस्तक काढलं आणि तीच ओळ खणखणीत वाचून दाखवली. थांबलेलं. कुंपणच शेत खायला लागल्यावर दाद कुणाकडे मागायची?

एवढ्यात पिवळा दिवा लागला. कानात बोळे घातलेल्या बायका माना वळवून बघू लागल्या. ओरियानाने ताईकडे पाहिलं. ताईने नको नको म्हणून मान हलवली. मग ओरियानाने मुकादमाकडे पाहिलं, आणि कोपरापर्यंत हात आत घातला. नेलिदाबाईंनी डोळे गच्च मिटले.

हात सुखरूप बाहेर आला, मुठीत बर्फाचं ढेकूळ. बायका हसल्या.

"बघितलंत?" गाल्वारिनो समजुतीने म्हणाला. "थांबलेलंच असतं. उगाच जिवाला घोर."

ओरियानाही हसली. रात्रभर पोटात धरलेली भीती तिच्या चेहऱ्यावरून साफ पुसली गेली होती. ते हसू बघून नेलिदाबाईंना रडूच आलं. या खेपेला पातं हाताला लागलं नव्हतं, एवढंच. आता जन्मभर घसा फोडला तरी इथे कुणी ऐकणार नव्हतं.

त्या दारापाशी पोचतात तोच पुन्हा पिवळा दिवा लागला. या वेळी ओरियानाने ताईकडे पाहिलंसुद्धा नाही.