बिनपासाची पोरगी

"ह्या खेळात जिंकत कुणीच न्हाय, आत्त्या," सई म्हणाली.

"मग झक मारायला खेळायचा व्हय?" मी म्हटलं.

सई माझ्या भावाची पोरगी. गडहिंग्लजची, पण कॉलेजसाठी आमच्याकडं राजारामपुरीत राहती. आमच्या मालकांना, गणपतरावांना, फुप्फुसाचा कॅन्सर. डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेले, त्यातला एक सरलावता. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचे, कुणाशी बोलायचे न्हाईत. म्हणून पोरीनं हा खेळ काढला. कागदावर आपण एक माणूस लिहायचा, त्याचं नाव, धंदा, ताकद, आणि मग तोच होऊन बोलायचं. एकजण गोष्ट सांगत जातो, बाकीचे 'मी आता हे करतो' म्हणतात. काम अवघड असलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, न्हायतर आपटले.

मला खेळाचं कौतुक नव्हतं. मला एकच ध्यास होता. हे जायच्या आधी आमची क्रांती एकदा ह्या घरात यावी. एकुलती एक पोरगी. अकरा वर्षांमागं तिनं जातीबाहेर लगीन केलं आणि आजऱ्याला गेली. पाचव्या महिन्याची पोटुशी असताना भेटाय आली, तर तिला दार उघडलं न्हाय. दोन तास जिन्यात उभी राहून गेली बिचारी. "तिचं नाव ह्या घरात काढायचं न्हाय," असं ह्यांनी बजावलेलं. अकरा वर्षं मी ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत आले. तोंडावर एकदाबी न्हाय.

"मामा, तुम्ही कोण होणार?" सईनं ह्यांना विचारलं. "लढवय्या? जादूगार? चोर?"

"गेटवाला," हे म्हणाले.

तीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटवर नोकरी केलेला माणूस, दुसरं काय सुचणार!

"तसलं काय नसतंय ह्यात, मामा."

"मग मी न्हाय खेळत."

लिहिलं पोरीनं. किल्ल्याचा दरवान. मी चोर झाले. म्हटलं, जन्मात एकदा तरी चोरी करून बघावी.

पहिल्या दिवशी गोष्टीतली सगळी मंडळी जंगलात खजिना शोधाय निघाली. सई म्हणाली, "चला मामा."

"मी गेट सोडणार न्हाय. माझ्या जागी बदली कोण दिलाय?"

सईनं कपाळावर हात मारला. शेवटी खजिन्याचा नाद सोडून तिनं गोष्टच गेटवर आणली. व्यापारी आले, बैलगाड्या आल्या, राजाचा मेव्हणा आला. ह्यांचं एकच. "पास कुठाय?" मेव्हण्याकडं पास नव्हता, त्याला आल्या पावली परत हाकलला. "राजाचा मेव्हणा असला म्हणून काय झालं? उद्या सासरा येईल!" असं म्हणून हे खो खो हसले. हसता हसता खोकल्याची उबळ आली, पण महिन्यात पहिल्यांदा माणूस हसला.

आठवडाभर असंच चाललं. मग एका सकाळी मी सईला स्वयंपाकघरात गाठलं. "आज गेटवर एक पोरगी आण. पोटुशी."

सईला सगळं ठाऊक होतं. "आत्त्या, हे बरं न्हाय. खेळात असं कुणाला कोंडीत धरायचं नसतंय."

"तू आण. पाप माझ्या डोक्यावर."

दुपारी खेळ मांडला. सई चाचरत म्हणाली, "मामा, गेटवर एक पोरगी आलीया. पोटुशी हाय. आत येऊ का म्हणतीया."

"पास?"

"न्हाय तिच्याकडं."

"नाव काय?"

सईनं माझ्याकडं बघितलं. मीच म्हटलं, "क्रांती."

वाटलं, आता उशाचा तांब्या भिंतीवर बसतोय. पण ह्यांनी नुसता फासा उचलला.

"ह्याला फासा लागत न्हाय, मामा," सई हळूच म्हणाली. "आत घ्यायचं का न्हाय, ते तुमचं तुम्हीच ठरवायचं."

"माझ्यानं न्हाय व्हायचं, पोरी. पंधराच्या वर पडलं तर आत."

टाकला. चार पडले.

ज्या माणसानं तीस वर्षांत सख्ख्या भावालाबी बिनपासाचं आत सोडलं न्हाय, त्यानं बोटानं तो फासा फिरवला, वीसचा आकडा वर येईस्तोवर.

"वीस पडलं," हे म्हणाले. "घे आत तिला. कवाची उभी हाय." आणि तोंडावर टॉवेल घेऊन रडाय लागले.

मी तशीच गॅलरीत पळाले आणि सईच्या फोनवरनं, तिच्याकडं नंबर होता, क्रांतीला फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं, खेळ, गेट, फासा. "बाळा, तुझ्या बाबांनी दार उघडलं गं. ये आता."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, त्या दिवशी बाबा घरात कुठं होते?"

"आता ते कशाला, बाळा?" मी म्हटलं.

"दुसऱ्या पाळीला निघालते. जिन्यात भेटले मला. वर बघितलं न्हाय माझ्याकडं, पण खाली उतरताना म्हणाले, 'आई हाय घरात.' त्यानंतर दोन तास मी बेल वाजवली. तू दाराआड रडत होतीस, मला ऐकू येत होतं. कडी तुझ्याच हाताशी होती की गं."

खरं होतं. ह्यांना भिऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांना भिऊन मी कडी काढली न्हाय. आणि अकरा वर्षं ते पाप ह्यांच्या माथी मारून मी मोकळी झाले. ह्यांनी एकदाबी उलटून म्हटलं न्हाय, की अगं, तू होतीस की घरात. लाज वाटली मला. जीव नकोसा झाला.

"शनिवारी येते बाबांना भेटाय," क्रांती म्हणाली. "पण दार तू उघडू नको. सईला सांग."

शनिवारी अकराच्या सुमाराला बेल वाजली. मी भाकरी थापत होते. पिठाच्या हातानंच दाराकडं धावले, कडीला हात घातला. मग हात मागं घेतला.

"सई," मी हाक मारली, "बघ गं, दारात कोण आलंय." आणि परत गॅसपाशी जाऊन उभी राहिले.