बियाण्याची सोडवणूक

आईच्या मातीला तीनशे माणसं आली होती. त्यातल्या एकाने, मिहायोने, आईचा शाळेतला निळा कोट अंगात चढवला, तिचा चष्मा नाकावर ठेवला आणि कबरीच्या कडेला उभं राहून आत ओरडून विचारलं, "सेचेलेलाबाई, हात धुतले का? तशाच वर जाल, तर देव पानात वाढायचा नाही!"

रडणाऱ्या बायका हसल्या. मी हसले नाही.

मिहायो आमच्या शाळेचा आचारी. तो न्याम्वेझी जमातीचा, आम्ही गोगो जमातीचे, म्हणजे जन्मापासून थट्टेचे सोयरे. असा सोयरा, म्हणजे म्तानी, कुणालाही काहीही बोलू शकतो, मयतालासुद्धा. दुःखाच्या घरातली हवी ती वस्तू उचलून नेऊ शकतो. त्याच्यावर रागवायचं नसतं. वस्तू परत हवी असेल, तर सोडवणूक द्यायची असते. हे सगळं मला ठाऊक होतं. पण दार-एस-सलामच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यावर ठाऊक असलेल्या गोष्टी कुठेतरी वाचल्यासारख्या वाटू लागतात.

त्या दिवशी मिहायोने स्वयंपाकघरातून बाजरीच्या बियाण्याने भरलेले दोन भोपळ्याचे तुंबे नेले.

ते बियाणं आईने अकरा वर्षं निवडून निवडून तयार केलं होतं. गावातला मका दर दोन वर्षांनी उभ्या उभ्या वाळायचा. शाळेच्या अर्ध्या एकरातली बाजरी टिकायची, आणि तिचीच पेज दुपारी मुलांना मिळायची. भूक, पाणी आणि धान्य हे आईचे सहावीचे तीन धडे. तिसऱ्या धड्याच्या शेवटी वर्ग पेरणी करायचा. मुख्याध्यापकांनी मला सुट्टी वाढवून घ्यायला सांगितलं. "पावसापर्यंत तुम्हीच शिकवा. बाईंची टिपणं आहेत." टिपणं होती. बियाणं नव्हतं, आणि पावसाला तीन आठवडे उरले होते.

मी शाळेच्या चुलीपाशी गेले.

"मिहायोकाका, बियाणं द्या. मुलांच्या पेजेचा प्रश्न आहे."

"सोडवणूक आण."

"काय हवंय तुम्हाला?"

"ते विचारायला लागतंय तुला?" तो पेज ढवळत म्हणाला. "एवढी पुस्तकं वाचलीस, एकातही नव्हतं?"

मला राग आला आणि मी चूक केली. मी गावच्या अधिकाऱ्याकडे, न्दाहानीकडे, तक्रार केली. न्दाहानीने वही उघडली, पेन उचललं.

"चोर कोण?"

"मिहायो."

त्याने पेन खाली ठेवलं. "अगं, तो तुमचा म्तानी ना?"

"म्हणून काय झालं?"

"म्हणून चोरी झाली नाही. उलट तू तक्रार केलीस. आता त्याला आणखी एक वस्तू उचलायचा हक्क आला." मग दार लोटून घेऊन तो हलक्या आवाजात म्हणाला, "आता गुपचूप घरी जा. मी कुणाला सांगत नाही."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सकाळी माझा डावा बूट नाहीसा झाला होता.

"एकच का नेलात?" मी विचारलं.

"दुसरा पुढच्या तक्रारीला," मिहायो म्हणाला.

वर्गातही माझं फार बरं चाललं नव्हतं. पहिल्या दिवशी मी फळ्यावर आकडे लिहिले आणि म्हणाले, "जगात साधारण दहा-अकरा माणसांमागे एक उपाशी झोपतो."

मन्यिलेझी नावाच्या मुलीने हात वर केला. "बाई, तो जो एक आहे ना, त्याला आमच्याकडे पाठवू नका. आमच्याकडे आधीच नऊ आहेत."

मागच्या बाकावरचे दोघे तेवढ्यापुरते जागे झाले.

तास संपल्यावर ती माझ्याजवळ रेंगाळली. "बाई, तुमची आई असं नव्हती शिकवत."

"मग कसं?"

"मिहायोकाका खिडकीत यायचे आणि बाईंना टोमणे मारायचे. मग बाई त्यांना उलट टोमणे मारायच्या. त्यातच धडा व्हायचा." तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "सोडवणूक म्हणजे तेच ना, बाई! सगळ्यांसमोर त्यांना असा टोमणा मारायचा की त्यांची बोलती बंद. तुम्हाला टोमणे येत नाहीत का?"

येत नव्हते. घरी जाऊन मी वहीत यादी केली. ग्रंथपालाची सवय म्हणून विषयवार लावली: रूप, स्वयंपाक, पूर्वज. वाचून पाहिली. शोकसभेच्या ठरावासारखी वाटत होती.

पाण्याच्या धड्याला मी तळाशी भोक पाडलेल्या बादलीत खडे, त्यावर वाळू, त्यावर कोळसा असे थर लावले आणि तळ्यातलं गढूळ पाणी ओतलं. आम्ही सगळे खाली धार केव्हा लागते ते पाहत होतो. खिडकीत मिहायो उगवला, हातात डाव.

"वा! गोगो देवापुढे हात पसरायचे, पाऊस दे म्हणून. त्याने दिला नाही. आता चिखलापुढे पसरताय?"

तीस तोंडं माझ्याकडे वळली. वही घरी होती.

"मुलांनो," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच परका वाटला, "पाण्यात आणि न्याम्वेझीत फरक काय? पाणी एकदा कोळशातून गेलं की स्वच्छ होतं. मिहायोकाका बावीस वर्षं कोळशाच्या धुरात आहेत."

वर्ग हसत सुटला.

"एवढंच?" मिहायो म्हणाला, पण त्याने डाव खाली ठेवला.

खाली धार लागली होती, जवळजवळ नितळ. मी भांडं वर धरलं. "हे आता प्यायचं का?"

"नाही बाई! उकळायचं!"

"का?"

"डोळ्यांना दिसत नाही ते आत असतं!" मन्यिलेझी ओरडली. "मिहायोकाकांच्या पेजेतल्या साखरेसारखं!"

बाकं हलली. मिहायोला हसू आवरत नव्हतं, तरी तो माझ्याकडेच बघत राहिला. अजून माझ्याकडून यायचं होतं.

"तुमचे पणजोबा," मी म्हणाले, "व्यापाऱ्यांचे हस्तिदंत डोक्यावर घेऊन समुद्रापर्यंत चालत गेले. ते ओझं संपलं, पण तुमच्या डोक्याची खाज गेली नाही. दिसेल ते उचलायचं आणि डोक्यावर घ्यायचं! निदान पणजोबा ओझं जिथे पोचवायचं तिथे पोचवत होते. तुम्ही अर्ध्या वाटेत बसलात."

मिहायोने खिडकीचे गज धरले. तो हसला, वाकून, आवाज न करता, आणि मग डोळे पुसत राहिला, जरा जास्तच वेळ.

"खाज म्हणण्याआधी थांबायचं असतं," तो शेवटी म्हणाला. "तुझी आई थांबली असती. पण चालेल."

संध्याकाळी तो अंगणात आला, डोक्यावर एक तुंबा, काखेत दुसरा. मी झाकण काढलं. दाण्यांवर राखेचा जाड थर होता, किडीला दूर ठेवायला. एकही दाणा पोखरलेला नव्हता.

"तुम्ही जपलंत हे," मी म्हणाले. "मग नेलंत कशाला?"

तो ओट्यावर टेकला. "मातीच्या दिवशी तुझा माझेंगोमामा जातं शोधत होता. तीनशे माणसं, आणि घरातलं पीठ संपलेलं. त्याने तुला विचारलं, तुंब्यातलं दळू का? आठवतंय?"

"नाही."

"तू म्हणालीस, घ्या, काय हवं ते घ्या."

मी त्या दिवशी कुणाकुणाला काय म्हणाले, ते मला आजही आठवत नाही.

"पाहुण्याला नाही म्हणता येत नाही," मिहायो म्हणाला. "पण म्तानीने उचललेल्याला कुणी हात लावत नाही. मग उचललं."

"हे मला आधीच सांगायचं होतं ना!"

"आणि फुकट सोडवून देऊ? गोगोला?"

आईच्या टिपणात लिहिलं होतं, पावसाची वाट न पाहता कोरड्यात पेरा. सोमवारी सगळा वर्ग शेतात उतरला. मुलगे कुदळीने खड्डे करत होते, मुली दाणे टाकून पायाने माती लोटत होत्या. मला शेवटची ओळ दिली होती, बहुधा तिचं फारसं बिघडणार नाही म्हणून. मिहायो बांधावर उभा होता.

"ही ओळ आहे, की साप मेलाय?"

मी कंबर सरळ केली. "साप आहे. तुमची पेज प्यायला आला होता."

मुलांच्या आधी मीच हसले, इतकी, की मुठीतले दाणे मातीत सांडले. मन्यिलेझी आपली ओळ सोडून आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मला एक एक दाणा वेचायला लावला.