आत्याबाईंचं टायमिंग

महालक्ष्म्या घरात येतात त्या तुळशीपासून, रांगोळीच्या पावलांवरून. लातूरजवळच्या मुरुडमधल्या या घरात मात्र दोन वर्षांपूर्वी त्या एलईडीच्या पावलांवरून आल्या होत्या, कारण थोरला मुलगा सुदर्शन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होता आणि त्याला सुट्टी होती. त्यानं प्लायवूडची सोळा पावलं कापली, कडेनं लातूरहून आणलेली एलईडीची पट्टी चिकटवली, वर दुधी प्लॅस्टिक ठोकलं आणि सगळ्या वायरी एका डबीतून लॅपटॉपला जोडल्या. लॅपटॉपवर नाटकाच्या स्टेजवरचे दिवे चालवायचं फुकटातलं सॉफ्टवेअर होतं. त्याची आई केवळाबाई मुखवट्यांचं सूप घेऊन चालल्या, त्यांच्या पावलागणिक सुदर्शननं एकेक बटण दाबलं आणि सॉफ्टवेअरनं ते टायमिंग जपून ठेवलं. गल्लीतल्या बाया बघून गेल्या. "लक्ष्मीला बी करंट लागला," म्हणाल्या.

पुढं पौषात केवळाबाई गेल्या. गेल्या साली सण साधाच झाला. यंदा सूप थोरल्या सुनेच्या, दीपालीच्या हातात यायचं होतं.

सतरा वर्षं दीपाली सासूच्या, म्हणजे तिच्या आत्याबाईंच्या, मागं पाण्याचा तांब्या घेऊन चालली होती. केवळाबाईंच्या डाव्या गुडघ्यात वात. उजवं पाऊल टाकायच्या, थांबायच्या, मग डावं ओढायच्या. मागचीनं तसंच चालायचं. पुढं गेली तर उर्मट, मागं राहिली तर माहेरचा आळस. शेवटी शेवटी बाजारातसुद्धा दीपालीचं डावं पाऊल उशिरा पडायचं आणि बांगडीवाला विचारायचा, "भाबी, गुडघ्याला काय झालं?" यंदा तिचं एवढंच मागणं होतं, की तुळशीपासून देवघरापर्यंत सोळा पावलं आपल्या चालीनं जावं.

आगमनाच्या दिवशी दुपारी सुदर्शननं खिडक्या लावून चाचणी घेतली. पहिलं पाऊल पेटलं. दुसरं पेटेना. मग ओढत आणल्यासारखं सावकाश उजळलं. तिसरं लगेच. चौथं पुन्हा उशिरा.

दीपालीच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. "अहो, हे कोण चालायलंय?"

"कोण चालतंय? जुनी फाईल हाय. आईचं टायमिंग."

"पुसा ते."

"नुसते आकडे हायत त्यात."

"आकड्यावरनंच वळखलं म्या."

आईचे आकडे पुसायला सुदर्शनचा जीव धजेना, पण बायकोच्या तोंडाकडं बघून त्यानं फाईल पुसली. मग रिकामं सूप घेऊन दीपाली भराभर चालली, त्यानं नवीन टायमिंग भरलं आणि चालवून बघितलं. उजवं लगेच. डावं उशिरा.

"सेव्ह झालं न्हाई," तो म्हणाला.

पुन्हा भरलं. पुन्हा तेच. मग त्यानं माणूसच काढून टाकला. सोळा पावलं, दर पावलाला बरोबर एक सेकंद, हातानं लिहून दिलं. पडद्यावर एक-एक-एक असंच दिसत होतं. जमिनीवर मात्र डावं पाऊल ओढत येत होतं.

"डबी गरम झाली असंल," सुदर्शन म्हणाला. भौतिकशास्त्रात जे बसत नाही ते तो गरम झालंय म्हणून बाजूला ठेवी. स्वतःच्या सासऱ्यांबद्दलही त्याचं मत हेच होतं.

धाकटी जाऊ तनुजा दारातून बघत होती. "जाऊबाई, चाला की तसंच. सतरा वर्षं चाललाव, आज एका दिसानं काय हुतंय?"

"आजच्यानं पुढचं समदं ठरतंय," दीपाली म्हणाली. "अहो, पिन काढा."

सुदर्शननं बोर्डातनं पिन उपटली. पावलं तिथंच राहू दिली, कारण ती फरशीला चिकटवली होती आणि फरशी नवीन होती.

दिवेलागणीला तनुजा थाळी आणि चमचा घेऊन देवघरापाशी उभी राहिली. सुदर्शन तिच्या शेजारी, पिन हातातच. घरातले दिवे घालवले होते. दीपालीनं तुळशीपासून सूप उचललं. सुपात दोन मुखवटे, मधे निरांजन. लक्ष्मी आणणारीनं मागं बघायचं नसतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

उंबरा ओलांडून तिनं पाऊल टाकलं. उजवं, डावं. सरळ, बिनओढीचं. तिसरं टाकलं तेव्हा समोरच्या भिंतीवर तिची सावली पडली, सूप हातात घेतलेली. निरांजन तर पुढं होतं. हा उजेड पाठीमागून येत होता.

तनुजाची थाळी वाजायची थांबली. सुदर्शन हातातल्या पिनेकडं बघत होता.

सावली थोडी हलली. मग थांबली. मग ओढल्यासारखी पुन्हा हलली.

दीपालीचं डावं पाऊल आपोआप हवेत अडकलं. सतरा वर्षांची सवय. मागचा उजेडही थांबला, आणि तिच्या मानेवर कापराचा वास आला, केवळाबाई गुडघ्याला चोळायच्या त्या तेलाचा. तिनं पाऊल खाली टेकवलं. वेळेवर.

"तनू, इचार की."

तनुजाचा आवाज निघाला तो दीपालीसाठी नव्हताच. तिची नजर दीपालीच्या खांद्यावरून मागं होती. "कोण... कोण आलं?"

"महालक्ष्मी आली."

"कशाच्या पावलानं?"

"सोन्याच्या."

"आन् मागं?" हे काही रीतीतलं नव्हतं.

"मागं आत्याबाई हायत," दीपाली म्हणाली आणि चालत राहिली. "येऊ द्या त्यांच्या बेतानं. म्या थांबत न्हाई."

तिनं सूप पाटावर टेकवलं तेव्हा मागं तीन पावलं पेटायची उरली होती. ती तिन्ही पेटेपर्यंत आरती सुरू करा असं कुणीच म्हटलं नाही.